खोटं अनुभवपत्र हातात आल्यावर: भोसरीतल्या एका भरतीचा अनुभव

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात क्वालिटी सांभाळते. आम्ही सगळे मिळून अडतीस जण. एचआर असं वेगळं खातं नाही. पगारपत्रक अकाउंट्समध्ये होतं आणि माणूस घ्यायचा असला की तो ज्याच्या हाताखाली काम करणार, त्यानेच बघायचं. फेब्रुवारी आणि मार्च २०२५ मध्ये मी क्वालिटी इंजिनिअरची एक जागा भरली. मुलाखत कशी द्यावी यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. पण समोरचा खरं सांगत नाहीये असं वाटलं तर मुलाखत घेणाऱ्याने काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

सुरुवात आदल्या वर्षीची. ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही एका मुलाला घेतलं. चाकणच्या एका कारखान्याचं चार वर्षांचं अनुभवपत्र, बोलायला चुणचुणीत, पीपॅप आणि कंट्रोल प्लॅन, म्हणजे क्वालिटीच्या मंजुरीची आणि तपासणीची कागदपत्रं, तोंडपाठ. पत्रावरच्या नंबरवर मी फोनही केला होता. पलीकडचा म्हणाला, "हो हो, चांगला मुलगा आहे, डोळे झाकून घ्या." ऐन दिवाळीच्या तोंडावर ग्राहकाकडून ६०० बुशांचा, म्हणजे मधे भोक असलेल्या धातूच्या नळकांड्यांचा, लॉट परत आला. बोअर, म्हणजे आतलं भोक, ड्रॉइंगवर २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. त्यातले २१२ बुश ओव्हरसाइज, काही तर २५.०४ पर्यंत गेलेले. आमच्या तपासणी अहवालात मात्र सगळी रीडिंग २५.०१० ते २५.०१२, ओळीने. कुठलंही मशीन सहाशे बोअर इतके एकसारखे काढत नाही. बोअर गेज न लावता, खुर्चीत बसून भरलेले ते आकडे होते. खाली 'तपासले' या रकान्यात माझी सही होती.

४६,००० रुपयांची डेबिट नोट आली, म्हणजे तेवढे पैसे ग्राहकाने आमच्या बिलातून कापले. शिवाय आमची दोन मुलं तीन दिवस ग्राहकाकडे सॉर्टिंग करत बसली. मग मी पत्रावरचा नंबर बाजूला ठेवला, त्या कारखान्याचा नंबर दुसरीकडून मिळवला आणि फोन केला. त्या नावाचं त्यांच्याकडे कधीच कुणी नव्हतं. पत्रावरचा नंबर मुलाच्या मित्राचा निघाला. मी त्याला विचारलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

साहेब पोलिसांत जायचं म्हणत होते. आम्ही वकिलांकडे गेलो, फी ३,००० रुपये. त्यांनी समजावलं की बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहेच, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेखाली येतो. फसवून मिळवलेली संमती असेल तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करार रद्दही करता येतो. मग त्यांनी विचारलं, "मूळ पत्र कुणी बघितलं होतं का?" आमच्या फाइलला फक्त झेरॉक्स होती. काम केलेल्या दिवसांचा पगार अडवू नका, एवढं त्यांनी दोनदा बजावलं. पगार दिला, तक्रारीचा विषय तिथेच थांबला.

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५ रोजी साहेब म्हणाले, "या वेळी पूर्ण तुम्हीच बघा. मी फक्त शेवटी भेटेन."

मी लगेच जाहिरात दिली नाही. आधी आमच्या टूलरूमच्या काकांशी बोलले. ते तीस वर्षं या धंद्यात आहेत. काका म्हणाले, "पोरगं खोटं बोलतंय का ते मी डोळ्यांत बघून सांगतो." मलाही आतून तसंच वाटायचं. घाम, नजर चुकवणं, अडखळणं. पण त्याच सुमारास चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांच्या २००६ च्या अभ्यासाबद्दल वाचनात आलं. खोटं कोणतं आणि खरं कोणतं हे नुसतं बघून-ऐकून ओळखायला दिलं, तर माणसं सरासरी १०० पैकी ५४ वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवलं तरी ५० येतात. आणि आमच्याकडे येणारी मुलं बार्शी, उदगीर, नांदगावहून रात्रभर एसटीत बसून येतात. मुलाखतीत त्यांना घाम फुटतो तो भीतीने. त्या घामावर मी किती जणांना आजवर नाकारलं असेल, हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता.

काकांची दुसरी सूचना अशी, की अस्तित्वातच नसलेल्या एखाद्या स्टँडर्डबद्दल विचारायचं आणि "हो, त्यावर काम केलंय" म्हणाला की पकडायचं. याला मी नाही म्हटलं. खरं बोलणारा माणूस हवा म्हणून आपणच खोट्याने सुरुवात करायची, हे मला पटलं नाही. शिवाय नवखा उमेदवार नुसता घाबरूनसुद्धा 'हो' म्हणून जातो.

मग एका कागदावर लिहून काढलं की या जागेसाठी काय चालणार नाही. न मोजता आकडा लिहिणं, दुसऱ्याला मुलाखतीला बसवणं, बनावट पदवी किंवा बनावट अनुभवपत्र. या जागेवरच्या माणसाच्या सहीवर माल बाहेर जातो, त्यामुळे इथे तडजोड नाही. बाकी तारखांमधला फरक, मधला रिकामा काळ, हुद्द्याचं नाव, हे विचारून समजून घ्यायचं. वकिलांनी मला २०१६ च्या अवतार सिंग खटल्याबद्दल सांगितलं होतं. तो पडताळणीच्या अर्जात गुन्ह्याची, अटकेची माहिती लपवण्याबद्दलचा आहे, पण त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की लपवलेली गोष्ट किरकोळ असेल, कोवळ्या वयात दिलेल्या घोषणांसारखी, तर नोकरी देणारा ती पोटात घालू शकतो. सगळं खोटं एकाच तागडीत घालायचं नाही, हे मी त्यातून घेतलं.

आधीचा पगार विचारायचा नाही, हेही तेव्हाच ठरवलं. पगारवाढ आधीच्या आकड्यावर ठरते म्हणून मुलं स्लिपमधला आकडा बदलतात. जाहिरातीतच '२६ ते ३२ हजार, कौशल्य बघून' असं छापलं. तो प्रश्नच गेला, त्यामुळे त्याचं खोटंही गेलं. साहेबांना हे पटवायला दोन दिवस लागले.

जाहिरातीला १,९०० रुपये लागले. पाच दिवसांत ११२ बायोडेटा आले. सातजणांच्या बायोडेटात प्रोजेक्टचा परिच्छेद शब्दाशब्दाने तोच होता. मी एक्सेलमध्ये सगळे घातले आणि 'सलग अनुभव' असा फिल्टर लावला. ४१ उरले. या फिल्टरकडे पुढे परत यायचं आहे.

१० ते १२ फेब्रुवारीला फोन आणि व्हिडिओवर बोलून १४ जणांना बोलावलं. व्हिडिओवर एकाचे ओठ आणि आवाज जुळत नव्हते. मी त्याला सरळ सांगितलं, "नेटवर्कचा दोष असू शकतो, म्हणून आपण प्रत्यक्षच भेटू, येताना फोटोचं ओळखपत्र आणा." तो आला नाही. आरोप करावा लागला नाही, आणि खरंच नेटवर्क खराब असतं तर त्याचं नुकसानही झालं नसतं.

मुलाखती १७, १८, २१ आणि २२ फेब्रुवारीला ठेवल्या. १९ ला शिवजयंती आणि २० ला गुरुवार, आमच्या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी. पुण्याबाहेरून येणाऱ्यांना प्रत्येकी ३०० रुपये गाडीभाडं दिलं.

आल्या आल्या प्रत्येकाला चहा आणि दोन पानांचा मराठी फॉर्म. नोकऱ्या, तारखा, कोणाच्या रोलवर होतात, शिक्षण, उत्तीर्ण वर्ष. शेवटी संमतीची सही, की ही माहिती आम्ही कुठे कुठे तपासणार आणि निवड झाली नाही तर कागद नष्ट करणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा भर संमतीवरच आहे, आणि कायदा नसता तरी विचारायला हवंच होतं. सहीच्या वर मी एक ओळ टाकली होती: 'बायोडेटात आणि इथे काही फरक असेल तर इथलं धरू. आत्ता दुरुस्त केलंत तर कारण विचारणार नाही.'

अख्ख्या भरतीत जास्तीत जास्त उपयोगी पडली ती हीच ओळ. ओठ न जुळणारा धरून दोघं आलेच नव्हते. आलेल्या बाराजणांपैकी पाचजणांनी दुरुस्ती केली. एकाची चार वर्षं अडीच झाली. एकाने 'टीम लीडर' खोडून 'इन्स्पेक्टर' लिहिलं. एकाने डिप्लोमाचं वर्ष २०२१ चं २०२२ केलं आणि स्वतःहूनच म्हणाला, "मॅडम, एक विषय राहिला होता." फॉर्म भरताना मी मुद्दाम खोलीबाहेर थांबायचे. माणूस समोर असला की खोडायची लाज वाटते.

मग टेबलावरची परीक्षा. एक ग्राइंड केलेली पिन, ड्रॉइंगवर २० एच६ शाफ्ट, म्हणजे २०.००० ते १९.९८७. बाजूला ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्निअर आणि ०.०१ पर्यंत मोजणारा मायक्रोमीटर. इतक्या बारीक मापाला खरा लागतो तो ०.००१ चा मायक्रोमीटर मागच्या कपाटात, काचेतून दिसेल असा. काय लागेल ते मागा, असं सगळ्यांना आधीच सांगितलेलं.

पाच वर्षांचा अनुभव लिहिलेल्या एकाने मायक्रोमीटर उचलला, पिन मध्ये धरली आणि थिंबलच पिळला. मागचं रॅचेट, म्हणजे दाब बेताचा ठेवणारी खुंटी, त्याने हातही न लावता सोडून दिलं. पिळल्यावर पिन फ्रेममध्ये इतकी घट्ट बसली की काढताना टक्कन आवाज आला. शून्य बघितलं नाही, मायक्रोमीटरची तोंडं पुसली नाहीत. वाचून म्हणाला, "१९.९९५, ओके." ०.०१ च्या मायक्रोमीटरवर शेवटचा पाच कुठून आला, असं विचारल्यावर तो ड्रॉइंगकडे बघत राहिला. मी अनुभवाबद्दल चकार शब्द काढला नाही. काम येत नाही एवढं दिसलं होतं. ते त्याने कुठे किंवा किती केलं होतं, हा वाद घालायची गरज नव्हती.

चाकण-रांजणगावच्या उमेदवारांत हमखास दिसणारी एक गोष्ट सांगते. बायोडेटात मोठ्या कंपनीचं नाव असतं, पण पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत, म्हणजे कुठल्या मालकाकडे कधीपासून कधीपर्यंत होता त्या ऑनलाइन नोंदीत, ठेकेदाराचं. आमच्या बारातल्या तिघांचं तसंच होतं. पहिल्याच्या वेळी मी फसवणूक समजून फाइल बाजूला ठेवणार होते. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, गेट त्यांचं, मशीन त्यांचं, ड्रेस त्यांचा. पगार फक्त ठेकेदाराकडून यायचा. मी कुठलं नाव लिहू?" हे खोटं नाही. तसंच पीएफमध्ये नोंद नाही म्हणजे नोकरीच नव्हती, असंही नाही. वीसपेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला सहसा पीएफ लागू नसतो, आणि अॅप्रेंटिसशिप कायद्याखालच्या अॅप्रेंटिसचाही पीएफ कापला जात नाही. म्हणून तपासणी करताना एक करा: उमेदवाराला त्याच्याच मोबाइलवर लॉगिन करून तुमच्यासमोर सर्व्हिस हिस्ट्री उघडायला सांगा. पासवर्ड मागू नका. आणि जुळलं नाही तर निष्कर्ष काढण्याआधी विचारा. पदव्यांचंही तसंच केलं. ज्यांची प्रमाणपत्रं डिजिलॉकरमध्ये होती त्यांची तिथेच बघितली, बाकीच्यांची मूळ बघून लगेच परत दिली. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती मला मुळीच मान्य नाही.

२१ तारखेचा शेवटचा मुलगा. पिन त्याने नीट मोजली, ०.००१ चा मायक्रोमीटरही मागून घेतला. गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापावर किती भरवसा ठेवता येईल ते तपासणारी चाचणी, कशी केली ते विचारलं तर दहा जॉब, तीन माणसं, तीन-तीन रीडिंग, सगळं करून बघितलेल्या माणसासारखं सांगितलं. मला तो आवडला होता. त्याच्या दुसऱ्या अनुभवपत्रावर पत्ता चाकणचा होता आणि जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचे क्रमांक २७ ने सुरू होतात, २४ गुजरातचा. कंपनीचं मुख्य कार्यालय गुजरातमध्ये असेल तर लेटरहेडवर तो येऊ शकतो, म्हणून नुसत्या त्यावर काही ठरत नाही. मी तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला. तसा क्रमांकच नव्हता.

काकांना मी बाहेर जायला सांगितलं. दोघांनी मिळून एकाला विचारलं की ती चौकशी होते. दार उघडं ठेवलं. पत्र त्याच्यासमोर ठेवून म्हटलं, "या क्रमांकाची नोंद मला सापडली नाही. माझं चुकत असेल तर सांगा." आणि गप्प बसले. शॉप फ्लोअरवर दुसरी शिफ्ट सुरू व्हायची वेळ झाली होती, घंटा झाली. तो पत्राची कड अंगठ्याने सरळ करत होता. जरा वेळाने म्हणाला, "चुकत नाही तुमचं."

वडिलांना पॅरालिसिस झाला, ऑगस्ट २०२२ ते मे २०२४ तो गावी होता. परत आल्यावर एका कन्सल्टन्सीवाल्याने चार हजार रुपये घेऊन हे पत्र करून दिलं. मी त्याला सांगितलं, की काम तुम्हाला येतं हे मी बघितलंय, पण ही जागा सहीची आहे, त्यामुळे मी तुम्हाला घेऊ शकत नाही. हे पत्र पुन्हा कुठे दाखवू नका, गुन्हा दाखल होऊ शकतो. मधला काळ आहे तसा लिहा. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, गॅप लिहिला की फोनच येत नाही."

तो गेल्यावर मी एक्सेल उघडली. 'सलग अनुभव'. तो फिल्टर मीच लावला होता. या मुलाने खरं लिहिलं असतं तर माझा फोन त्याला गेला नसता. खोटं लिहिलं म्हणून तो माझ्या खुर्चीसमोर पोचला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशीच्या मुलाखती झाल्यावर मी साहेबांना आणखी दोन आठवडे मागितले आणि फिल्टर काढला. ७१ बायोडेटा बाजूला पडले होते. त्यातल्या २३ जणांत मधला काळ सोडला तर काहीच खोट नव्हती. नऊजणांना बोलावलं. बाळंतपणामुळे, स्पर्धा परीक्षेची तयारी, लॉकडाउनमध्ये कारखाना बंद पडला, सगळी कारणं साधी होती आणि सगळ्यांनी ती आधी दबक्या आवाजातच सांगितली. एकजण तर गावच्या शेताच्या वाटणीत दीड वर्ष अडकलेला.

निवड झाली ती दिघीच्या एका बाईंची. मुलगी लहान म्हणून दोन वर्षं घरी होत्या. ५ मार्चला आल्या. पिन हातात घेण्याआधी मायक्रोमीटरची तोंडं कागदाने पुसली, शून्य बघितलं आणि म्हणाल्या, "याने सहा मायक्रॉन इकडे-तिकडे कळणार नाही, तो कपाटातला मिळेल का?" गेज आर अँड आरबद्दल विचारल्यावर म्हणाल्या, "मी फक्त रीडिंग घेतली आहेत. आकडेमोड सर करायचे. दहा टक्क्यांच्या आत चांगलं, तीसच्या वर नाही चालत, एवढं माहीत आहे." येत नाही ते त्यांनी न विचारता वेगळं काढून ठेवलं. काकांनी माझ्याकडे बघितलं.

संदर्भासाठीचे नंबर मी उमेदवाराकडून घेतले नाहीत. कारखान्याचा लँडलाइन शोधायचा, तिथून स्टोअर किंवा क्वालिटीला जोडून मागायचं आणि एकच विचारायचं, "त्या तुमच्याकडे काय काम करायच्या?" "चांगल्या आहेत का" असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. त्यांच्या जुन्या कारखान्यात तीन फोन केले, चौथ्या दिवशी उत्तर आलं. बाहेरच्या एजन्सीने एका माणसाच्या पडताळणीचे १,५०० रुपये सांगितले होते. आम्ही ते आमचं आम्हीच केलं.

१२ मार्चला ऑफर लेटर दिलं. वकिलांनी सुचवलेलं एक वाक्य त्यात आहे: दिलेली माहिती जाणूनबुजून खोटी असल्याचं आढळलं तर बाजू मांडायची संधी देऊन सेवा संपवता येईल. संधीचे शब्द मी आग्रहाने ठेवून घेतले. पाडवा रविवारी झाला आणि १ एप्रिलला त्या रुजू झाल्या. ज्यांची निवड झाली नाही त्या सगळ्यांना मी फोन करून कळवलं, वीस फोनांना दोन दुपारी गेल्या. मग त्यांचे फॉर्म श्रेडरमध्ये घातले.

आता तपासणी अहवालावर सही करण्याआधी मी लॉटमधले कोणतेही पाच जॉब स्वतः मोजते. हे मी आधीपासून करायला हवं होतं.

जूनमध्ये त्या चार हजारवाल्या मुलाचा मेसेज आला. सोबत नवीन बायोडेटा, 'मॅडम, एकदा बघाल का?' नोकरी अजून लागली नव्हती, दोन ठिकाणी बोलावणं आलं होतं. अनुभवाच्या रकान्यात मधोमध एक ओळ होती: 'ऑगस्ट २०२२ ते मे २०२४, वडिलांच्या आजारपणामुळे घरी.' ती मी तशीच ठेवली. खाली मायक्रोमीटरचं स्पेलिंग चुकलं होतं, तेवढं दुरुस्त करून त्याला परत पाठवलं.